वीजवाहिन्या, उंदीर आणि कर्करोगाचा आळ

घराशेजारून जाड तारांची वीजवाहिनी गेली असेल, तर त्या घरातील मुलांना रक्ताचा कर्करोग होण्याचा संभव अधिक, हा आळ विजेवर ठळकपणे घेतला गेला तो १९७९ साली, अमेरिकेतील डेन्व्हर शहरी. नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर या दोघांनी कर्करोगाने दगावलेल्या मुलांची घरे व इतर मुलांची घरे यांची रुजवात घातली, आणि दारावरून जाणाऱ्या तारांच्या मांडणीवरून आतील चुंबकक्षेत्राचा अदमास बांधला. पुढील वीस वर्षांत अनेक देशांनी घरोघर मापकयंत्रे ठेवून तपास केला, तरी संशय पुरता फिटला नाही. २००० साली नऊ देशांतील आकडे एकत्र करून पाहता, ०.४ मायक्रोटेस्ला वा त्याहून अधिक क्षेत्रात वाढणाऱ्या मुलांत, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी मुलांत, या रोगाचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले. मात्र माणसांच्या पाहणीत तारेच्या जोडीला वस्ती, रहदारी, उत्पन्न, बिऱ्हाड बदलण्याची रीत अशा नाना गोष्टी मिसळून येतात, आणि त्यांतील कोणती रोगास कारण झाली हे निवडून काढणे दुरापास्त होते. उंदराला घरभाड्याची विवंचना नसते. म्हणून हा वाद त्याच्या पिंजऱ्यापाशी आला.

पदार्थविज्ञानाची तर फिर्याद दाखल करून घेण्यासच हरकत होती. पृथ्वीचे स्वतःचे चुंबकक्षेत्र २५ ते ६५ मायक्रोटेस्ला, पण ते स्थिर; वाहिनीचे क्षेत्र मात्र सेकंदाला आपल्याकडे ५० व अमेरिकेत ६० आवर्तने घेते. (चंद्रपूरहून पडघ्याला येणारी उच्चदाब वाहिनी एकदिश प्रवाहाची आहे, सबब हा वाद तिला लागू पडत नाही.) इतक्या मंद आवर्तनांच्या ठायी पेशीतील आनुवंशिक द्रव्याचे रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा मुळीच नसते. तेव्हा हे क्षेत्र अपराधी असलेच, तर ते मूळ कर्ता नसून, अन्य कारणाने बिघडलेल्या पेशीला वाढीस लावणारे साहाय्यक असावे, अशी शंका घेणेच वाजवी होते.

अमेरिकी काँग्रेसने १९९२ साली कायदा करून या संशोधनास पैसा मंजूर केला, आणि या विषयावरचा त्या काळातील सर्वांत मोठा प्राणिप्रयोग शिकागोच्या आयआयटी रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पार पडला. मोठ्या जातीचे उंदीर, ज्यांना प्रयोगशाळेत रॅट म्हणतात, व लहान जातीचे, म्हणजे माउस, या दोहोंचे नर आणि माद्या शंभर-शंभरांच्या गटांत विभागून, त्यांना दिवसाचे साडेअठरा तास याप्रमाणे १०६ आठवडे क्षेत्रात ठेवण्यात आले. एका गटाला २ मायक्रोटेस्ला, दुसऱ्याला २००, तिसऱ्याला १०००. चौथ्यालाही १०००, पण तासभर चालू व तासभर बंद. पाचव्याला काहीच नाही. घरात सामान्यतः आढळणारे क्षेत्र ०.१ मायक्रोटेस्लाच्या आसपास असते, हे ध्यानी घेतले म्हणजे वरच्या मात्रेचा आवाका कळतो. अशा प्रयोगातील खरे कसब मला दिसते ते त्या पाचव्या गटाच्या बंदोबस्तात. क्षेत्र निर्माण करणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांतून प्रवाह वाहू लागला की ती गुणगुणतात, किंचित थरथरतात आणि तापतात. ही गुणगुण नि ऊब एका गटाला मिळून दुसऱ्याला न मिळाली, तर दोन वर्षांच्या अखेरीस आपण चुंबकक्षेत्राची परीक्षा केली की उकाड्याची, हे सांगणे कठीण व्हायचे.

१९९९ साली निकाल जाहीर झाला. माद्या रॅट, नर माउस व माद्या माउस यांत कर्करोग वाढल्याचा पुरावा नाही; नर रॅटमध्ये मात्र थायरॉईड ग्रंथीतील ‘सी’ पेशींच्या गाठी वाढलेल्या दिसल्याने तेथे ‘संदिग्ध’ असा शेरा पडला. ही वाढ २ आणि २०० मायक्रोटेस्लाच्या गटांत होती, अखंड १००० च्या गटात नव्हती. जे विष थोडे घेतल्याने बाधते आणि पुष्कळ घेतल्याने बाधत नाही, त्याविषयी साशंक राहणेच बरे. शिवाय काही गटांत अन्य प्रकारचे कर्करोग कमीही आढळले होते. त्यावरून चुंबकक्षेत्र औषधी आहे असे म्हणायला कोणी पुढे आले नाही.

साहाय्यकपणाच्या शंकेला बळ मिळाले ते जर्मनीतील हॅनोव्हर येथून. वोल्फगांग ल्योशर यांच्या चमूने माद्या रॅटना डीएमबीए हे कर्करोगजनक रसायन पाजून १०० मायक्रोटेस्लाच्या क्षेत्रात तेरा आठवडे ठेवले, तेव्हा स्तनग्रंथींतील गाठी अधिक आल्या. अमेरिकेतील बॅटेल प्रयोगशाळेने तोच प्रयोग करून पाहिला. पहिल्या खेपेस रसायनाची मात्रा इतकी जबर बसली की क्षेत्राविना ठेवलेल्या बहुतेक माद्यांनाही गाठी आल्या, मग आणखी वाढ दिसावी कोठून? मात्रा उतरवून पुन्हा केले, तरी क्षेत्राचा परिणाम आढळला नाही. अशा वेळी एकमेकांवर चिखलफेक करण्याचा मोह आवरून दोन्ही चमूंनी एकत्र बसून फरकाची कारणे शोधली, ही गोष्ट मला निकालाइतकीच महत्त्वाची वाटते. संशयाची सुई वळली ती उंदरांच्या वाणाकडे: नाव एकच, ‘स्प्रेग-डॉली’, पण पैदास निरनिराळी. पुढे हॅनोव्हरच्याच प्रयोगांत एका उपवाणात परिणाम दिसला आणि दुसऱ्यात दिसला नाही.

लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ च्या ग्रंथात प्राण्यांमधील पुरावा अपुरा व माणसांमधील मर्यादित ठरवून हे क्षेत्र ‘कदाचित कर्करोगजनक’ या वर्गात घातले, ते मुलांच्या पाहण्यांच्या आधारावर. त्यानंतर इटलीतील रामाझ्झिनी संस्थेने उंदरांना जन्मापूर्वीपासून नैसर्गिक मृत्यूपर्यंत क्षेत्रात ठेवले, आणि २०१८ साली, केवळ क्षेत्राने कर्करोग वाढत नाही असे नमूद केले. त्याच संस्थेने दोन वर्षे आधी मात्र, अल्प गॅमा किरणांची जोड दिल्यास स्तनग्रंथींतील गाठी वाढतात, असे प्रसिद्ध केले होते. एक अडचण या सर्वच प्रयोगांच्या मुळाशी आहे. शिकागोत वापरलेल्या ‘फिशर’ वाणाच्या रॅटना म्हातारपणी जो रक्ताचा कर्करोग आपसूक होतो, तो लहान मुलांच्या कर्करोगाहून अगदी निराळा. आणि डेन्व्हरमध्ये ज्याच्यापासून या तपासाला आरंभ झाला, तो मुलांचा रोग या उंदरांना एरवी होतच नाही.