परिचारिका-नोंदणी : इतिहास, कायदा आणि आपले घर

पेढीवर नवा मुनीम ठेवावयाचा झाल्यास आपण चार ठिकाणी चौकशी करतो. त्याचे गाव, मागील नोकरी, ओळख देणारा जामीनदार, सारे पाहून मगच गल्ल्याची किल्ली त्याच्या हाती जाते. मात्र शस्त्रक्रियेनंतर घरी आणलेल्या वडिलांसाठी रात्रपाळीची ‘सिस्टर’ हवी असली, की एका फोनवर काम होते. ब्युरोकडून व्यक्ती येते, अंगात पांढरा कोट असतो, बारा तासांचा दर ठरतो, आणि घरातील सर्वांत मोलाचा माणूस आपण तिच्या स्वाधीन करतो. तिचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. कळवा-ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत आपल्या कुटुंबांत हे चित्र आता सर्रास दिसते. मुले व्यवसायात गुंतलेली, सुना नोकरी करणाऱ्या आणि वृद्धांचे आयुर्मान वाढलेले. त्यामुळे घरी सेवेसाठी माणूस ठेवणे ही गरज झाली आहे. म्हणूनच परिचारिकांच्या नोंदणीची माहिती प्रत्येक कुटुंबाने करून घ्यावी, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

नोंदणीचा जन्म

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे प्रशिक्षण विद्यालय सुरू केले आणि या कामाला शिस्तबद्ध शिक्षणाची जोड मिळाली. परंतु परिचारिकांची सरकारी नोंदवही असावी, या मागणीला खुद्द नाइटिंगेल यांचाच विरोध होता, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. परीक्षेतून ज्ञान कळेल, पण चारित्र्य आणि कर्तव्यबुद्धी कळणार नाही; शिवाय एकदा नाव नोंदले गेले म्हणजे ती व्यक्ती पुढे कायम योग्यच राहील असे नाही, असा त्यांचा आक्षेप होता. दुसऱ्या बाजूला एथेल बेडफर्ड फेनविक या परिचारिकेने १८८७ साली ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापन करून नोंदणीचा आग्रह धरला. शिकलेली आणि न शिकलेली या दोघींमधील फरक रुग्णाला कळणार कसा, हा त्यांचा प्रश्न होता.

हा वाद तीस वर्षांहून अधिक काळ चालला. दरम्यान न्यूझीलंडने १९०१ साली जगातील पहिला स्वतंत्र परिचारिका-नोंदणी कायदा केला आणि जानेवारी १९०२ मध्ये एलेन डॉगर्टी यांचे नाव तेथील नोंदवहीत प्रथम लागले. इंग्लंडमध्ये कायदा झाला तो डिसेंबर १९१९ मध्ये, पहिल्या महायुद्धानंतर. १९२१ साली नोंदवही उघडली तेव्हा पहिल्या क्रमांकावर नाव होते ते श्रीमती फेनविक यांचेच. पुढे नोंदणीचे ठराविक मुदतीने नूतनीकरण आणि गैरवर्तनाबद्दल नाव कमी करणे, या दोन तरतुदी सर्वत्र रूढ झाल्या. नाइटिंगेल यांच्या आक्षेपाला हे एक प्रकारचे उत्तरच म्हणावे लागेल.

मुंबई इलाख्यातील वाटचाल

आपल्याकडे मुंबईत १८८६ साली स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. पारशी दानशूर पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून ते उभे राहिले. तेथील डॉ. एडिथ पीची यांनी परिचारिकांच्या प्रशिक्षणाची सोय केली. १८९१ साली बाई काशीबाई गणपत यांचे नाव प्रशिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून नोंदले गेले. परक्या पुरुषाच्या जखमा बांधणे, जातपात न पाहता मलमूत्र काढणे हे काम त्या काळी कुलीन घरातील स्त्रीने करावयाचे नाही, अशी समजूत होती. ती समजूत मोडण्याचे काम पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने केले. १९०९ साली सुरू झालेल्या या संस्थेने ससून रुग्णालयाच्या सहकार्याने मराठी घरांतील स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले आणि त्यांना स्वतःच्या पायावर उभे केले.

प्रशिक्षण वाढले तशी एकसमान दर्जाची गरज भासू लागली. १९०८ साली अखिल भारतीय पातळीवर ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन स्थापन झाली आणि त्याच सुमारास मुंबई इलाख्यातही परिचर्येची स्वतंत्र संघटना उभी राहिली. कायद्याच्या बाबतीत मद्रास प्रांताने १९२६ साली आघाडी घेतली. मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी आणि आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर निरनिराळ्या भागांत लागू असलेले कायदे एकत्र करून ‘महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६’ करण्यात आला. आजची महाराष्ट्र परिचर्या परिषद या कायद्याखाली काम करते.

आजची व्यवस्था

देशपातळीवर भारतीय परिचर्या परिषद अधिनियम १९४७ साली झाला. कामाची विभागणी अशी ठरली, की शिक्षणाचा एकसमान दर्जा केंद्रीय परिषदेने ठरवावा आणि प्रत्यक्ष नोंदणी राज्याच्या परिषदेने करावी. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग अधिनियम संमत केला आणि ११ ऑगस्ट रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी केलेल्या या कायद्यात राष्ट्रीय व राज्य आयोगांची आणि दोन्ही पातळ्यांवरील नोंदवह्यांची तरतूद आहे.

नोंदणीस पात्र ठरणारे शिक्षण मुख्यत्वे तीन प्रकारचे आहे. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा, जी.एन.एम. हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आणि बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. या तिन्हींत रुग्णालयातील प्रत्यक्ष काम सक्तीचे असते. गल्लोगल्ली जाहिरात होणारे ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘पेशंट केअर’ असे सहा महिन्यांचे वर्ग या व्यवस्थेत मोडत नाहीत. त्यांचे प्रमाणपत्र घेतलेली व्यक्ती प्रामाणिक आणि मायाळू असू शकते. पण तिला परिचारिका म्हणून नोंदणी मिळत नाही.

आपल्यातील सराफ बंधूंना हे सहज पटेल. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एच.यू.आय.डी. असल्याखेरीज हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. त्याच धर्तीवर केंद्रीय परिषदेच्या नोंदणी व मागोवा प्रणालीत परिचारिकेला एन.यू.आय.डी. हा स्वतःचा एकमेव क्रमांक दिला जातो. बारा ग्रॅमच्या अंगठीवर आपण भिंग लावून क्रमांक वाचतो. आईच्या नसेत सुई टोचणाऱ्या हातांचा क्रमांक मात्र विचारावयास संकोचतो. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण अशा वेळी आठवते.

रुग्णालयाच्या दाराबाहेर

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय हे ठाणे महानगरपालिकेचे पाचशे खाटांचे रुग्णालय आहे आणि राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले आहे. मुंब्रा-दिवा, भिवंडी, शहापूर, मुरबाड अशा दूरवरच्या भागांतून तेथे रुग्ण येतात. अशा सार्वजनिक रुग्णालयात परिचारिकेची नेमणूक होते तेव्हा परिषदेची नोंदणी ही मूलभूत अट असते. ती नसेल तर अर्जच बाद होतो. खासगी रुग्णालयांनाही १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे आणि रुग्णसेवेत पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण नसणे हे नोंदणी नाकारण्याचे कारण ठरू शकते.

परंतु त्याच रुग्णाला घरी सोडले आणि तो खारेगाव किंवा पारसिकनगरातील आपल्या सदनिकेत येऊन झोपला, की ही तपासणी संपते. नळी तीच, इंजेक्शन तेच, जखमही तीच; पण घरी येणाऱ्या व्यक्तीचे कागद पाहणारा अधिकारी तेथे कोणी नसतो. ते काम कुटुंबालाच करावे लागते.

याचे गांभीर्य एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आपल्या देशात इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतेच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटची आणि १०० युनिटची. दोहोंच्या सिरिंज वेगळ्या असतात; ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी टोपणाची. समजा डॉक्टरांनी २० युनिट लिहून दिले आहेत. १०० तीव्रतेचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातात. अडीचपट मात्रा! रक्तातील साखर एकाएकी उतरून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. आपल्या घरांत चौविहार पाळणारे वृद्ध पुष्कळ आहेत. सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही, अशा रुग्णाला रात्री साखर उतरल्यास धोका अधिक. प्रशिक्षित परिचारिका पहिल्याच दिवशी विचारते, ‘आजी रात्री काही घेतात का?’ आणि इन्सुलिनची वेळ व मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवून घेते. या एका प्रश्नामागे तीन-चार वर्षांचे शिक्षण असते.

प्रशिक्षित सेवा कोणत्या उंचीला जाऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच मुंबईत आहे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या, त्या १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत. जवळपास बेचाळीस वर्षे तेथील परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची सेवा केली. एवढ्या काळात त्यांना शय्याव्रण होऊ दिला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालातही घेतली गेली. घरी पंधरा दिवस पडून राहिलेल्या वृद्धाच्या पाठीला जखम झालेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या गोष्टीचे मोल सांगावयास नको.

काय पाहावे?

बँकेच्या नोकरीत धनादेशावरील सही नमुन्याशी ताडून पाहणे हे रोजचे काम असे. ग्राहक कितीही परिचयाचा असला तरी त्यात अपमान मानण्याचे कारण नसे. येथेही तीच रीत ठेवावी.

प्रथम, परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र पाहावे. त्यावरील नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक आणि वैधतेची मुदत वाचावी. नूतनीकरण ठराविक मुदतीने करावे लागते, त्यामुळे जुने प्रमाणपत्र दाखवून भागत नाही.

दुसरे, नाव ओळखपत्राशी ताडावे. विवाहानंतर आडनाव बदलल्यामुळे पुष्कळ परिचारिकांचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाने असते. यात संशयास्पद काही नाही. विवाहाचा दाखला किंवा राजपत्रातील नोंद पाहिली की पुरे.

तिसरे, ती व्यक्ती केरळ, कर्नाटक वा गुजरात येथे शिकलेली असेल, तर तिने मूळ राज्याच्या परिषदेमार्फत महाराष्ट्रातील नोंदणी घेतली आहे का, हे विचारावे.

चौथे, कामाची विभागणी स्पष्ट करावी. अंघोळ घालणे, जेवू घालणे, कूस बदलणे, हात धरून चालवणे यांसाठी आया किंवा मावशी ठेवणे सर्वस्वी योग्य आहे. त्यांची सेवा कमी प्रतीची मानू नये. परंतु इंजेक्शन, सलाईन, लघवीची नळी, नाकातून घातलेली अन्ननळी, शस्त्रक्रियेच्या जखमेचे ड्रेसिंग ही कामे त्यांच्यावर सोपवू नयेत. दिवसभर मावशी आणि ठरावीक वेळी येऊन जाणारी नोंदणीकृत परिचारिका, ही व्यवस्था अनेक कुटुंबांना परवडणारीही असते.

पाचवे, ब्युरोच्या पावतीवर ‘परिचारिका’ की ‘मदतनीस’, हे लिहून घ्यावे आणि नोंदणी क्रमांकही तेथेच नोंदवावा. व्यापारी माणसाला पावतीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. आणि नोंदणीकृत परिचारिकेकडून मदतनिसाच्या दरात काम करून घेण्याचा मोहही टाळावा. स्वस्ताच्या मागे लागणारे गिऱ्हाईकच ब्युरोला न शिकलेली माणसे पाठवण्यास प्रवृत्त करते.

विश्वस्तांसाठी आणि पालकांसाठी

आपल्या समाजातील अनेक मंडळी धर्मादाय दवाखाने, डायलिसिस केंद्रे आणि वृद्धाश्रमांचे विश्वस्त आहेत. इमारत, यंत्रसामग्री आणि देणगीदारांच्या नावांची पाटी यांवर सभेत तासन्‌तास चर्चा होते. त्याच सभेत एक विषय कायमचा ठेवावा : संस्थेतील प्रत्येक परिचारिकेच्या नोंदणीची प्रत आणि तिची वैधता. वर्षातून एकदा लेखापरीक्षण होते, त्याच वेळी ही तपासणीही व्हावी. दानाचा पैसा गरिबाच्या कामी येतो तेव्हा त्याला मिळणारी सेवा आपल्या घरच्या सेवेपेक्षा उणी असता कामा नये.

पालकांनाही एक विनंती आहे. आपल्या मुली सी.ए., फार्मसी, संगणक या क्षेत्रांत पुढे गेल्या. परिचर्येकडे मात्र अजून अनिच्छेने पाहिले जाते. एखादी मुलगी, किंवा मुलगाही, या वाटेने जाऊ इच्छित असेल तर अडवू नये. फक्त शुल्क भरण्यापूर्वी ते महाविद्यालय परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, आणि पदवी असेल तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठासारख्या विद्यापीठाशी ते संलग्न आहे का, हे स्वतः पाहावे. मान्यता नसलेल्या संस्थेत चार वर्षे घालवली तर हाती कागद येतो, नोंदणी येत नाही.

पुढील वेळी घरात सेवेसाठी कोणी येईल तेव्हा तिला आदराने बसवावे, पाणी द्यावे आणि प्रमाणपत्र पाहावयास मागावे. खरी शिकलेली परिचारिका त्याने दुखावत नाही. आपले शिक्षण कोणीतरी विचारले, याचा तिला आनंदच होतो.