‘कन्सल्टंट’ म्हटलं म्हणून कुणी कन्सल्टंट होत नाही

रायपूरच्या तात्यापाऱ्यात किंवा चौबे कॉलनीत बसून पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचं काम करणं आता नवलाचं राहिलेलं नाही. काम कंपनीचं असतं, पैसे मात्र मधली एजन्सी देते. तिच्याकडून ई-मेलवर लांबलचक इंग्रजी करार येतो आणि बहुतेक जण आकडा तेवढा पाहून सही करतात. कराचं काय ते मार्चमध्ये सीए बघून घेईल, असा हिशोब असतो. पण सीएच्या हातात तेव्हा फारसं उरलेलं नसतं, कारण कर कसा लागणार हे करारातल्या अटींनी आधीच ठरवलेलं असतं. म्हणून नेहमी कानावर येणारे काही समज तपासून पाहू. (खालची आयकराची कलमं १९६१च्या कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या कायद्यात त्यांचे क्रमांक वेगळे आहेत.)

गैरसमज : करारात ‘कन्सल्टंट’ लिहिलंय आणि १० टक्के टीडीएस कापला जातो, म्हणजे मी नोकर नाही.

वस्तुस्थिती : कायदा नाव पाहत नाही, संबंध पाहतो. धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५६मध्ये मिठागरातल्या अगरियांना कामगार ठरवलं. मोबदला उत्पादनावर होता, हाताखाली माणसं ते स्वतः ठेवत, तरीही. काम कसं करायचं यावर ताबा कुणाचा, हा तिथे कळीचा प्रश्न होता. एकाच कसोटीवर निकाल लागत नाही, सगळी परिस्थिती एकत्र पाहावी लागते, हे न्यायालयाने २०२०मध्ये सुशीलाबेन गांधी खटल्यात पुन्हा सांगितलं.

तेव्हा स्वतःला विचारा : कामाची वेळ कोण ठरवतं? रजा मागावी लागते का? लॅपटॉप कुणाचा? दुसऱ्याचं काम घेता येतं का? काम बिघडलं तर तोटा कुणाचा? सगळी उत्तरं एजन्सीच्या बाजूने झुकत असतील, तर तुमचं उत्पन्न पगार ठरू शकतं. मग टीडीएस कलम १९२खाली कापायला हवा आणि भविष्य निर्वाह निधीचा प्रश्नही उभा राहतो. त्या निधीच्या १९५२च्या कायद्याने कंत्राटदारामार्फत नेमलेल्यालाही कर्मचारीच धरलं आहे.

गैरसमज : टीडीएस कापला गेला, कराचा विषय संपला.

वस्तुस्थिती : टीडीएस हा तुमच्या नावावर आगाऊ जमा झालेला कर आहे. व्यावसायिक फीवर तो १० टक्के, तांत्रिक सेवेवर २ टक्के आणि व्यक्तीने घेतलेल्या कंत्राटी कामावर १ टक्का असतो. पॅन दिला नसेल, तर २० टक्के. खरा कर वर्षअखेरच्या उत्पन्नावर ठरतो. जास्त कापला गेला असेल, तर तो रिटर्न भरूनच परत मिळतो. एजन्सीने कापलेली रक्कम सरकारजमा केली की नाही, हे २६एएस फॉर्मवर दिसतं. ते दर तिमाहीला पाहावं.

गैरसमज : आयकराच्या कलम ४४एडीएमुळे प्रत्येक फ्रीलान्सरची निम्मी कमाई करमुक्त.

वस्तुस्थिती : जमा रकमेचा निम्मा भागच उत्पन्न म्हणून दाखवण्याची ही सोय ठरावीक व्यवसायांनाच आहे : वकिली, वैद्यकी, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट आणि सरकारने अधिसूचित केलेले माहिती तंत्रज्ञानासारखे व्यवसाय. चित्रपटाचा पटकथाकार या यादीत बसतो, पण जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्याचं नाव तिथे नाही. जमा रकमेची मर्यादा ५० लाख, आणि रोखीचा वाटा ५ टक्क्यांपर्यंतच असेल तर ७५ लाख. पगारदारांना नव्या करप्रणालीत मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावट मात्र व्यावसायिकाला नाही. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही.

गैरसमज : परराज्यात बिल पाठवलं की पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी हवी.

वस्तुस्थिती : सेवांच्या बाबतीत ही सक्ती ऑक्टोबर २०१७मध्येच उठली. छत्तीसगडमध्ये सेवेसाठी मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. तोवर रायपूरहून पुण्याला बिल पाठवायला नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावताही येत नाही. आयकराची आणि जीएसटीची गणितं मात्र वेगळी आहेत. वर्षाला २४ लाखांची बिलं करणाऱ्या संगणक अभियंत्याने ४४एडीएखाली १२ लाख उत्पन्न दाखवलं, तर २०२५-२६च्या नव्या प्रणालीत त्याचा आयकर शून्य होऊ शकतो. जीएसटी नोंदणी मात्र त्याला टळत नाही.

आणखी एक : शेवटचा ग्राहक अमेरिकेत असला, तरी तुमचा करार भारतीय एजन्सीशी असेल आणि पैसे तीच रुपयांत देत असेल, तर ती तुमच्यापुरती निर्यात नव्हे.

गैरसमज : ‘क्लायंटचे पैसे आले की तुमचे देऊ’ अशी अट असेल, तर थांबण्यावाचून इलाज नाही.

वस्तुस्थिती : उद्यम नोंदणी मोफत आहे आणि सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही मिळते. २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार अशा सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिलं असलं तरी, ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी काम हाती घेण्याआधीच करावी, थकबाकी झाल्यावर नव्हे.

गैरसमज : करार संपल्यावरही वर्षभर दुसऱ्या एजन्सीकडे जाता येत नाही.

वस्तुस्थिती : भारतीय करार कायद्याचं कलम २७ इथे कामी येतं. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याचा ‘परसेप्ट डी मार्क’ या एजन्सीशी तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यावरही नवं काम आधी आपल्यालाच देऊ करावं, ही एजन्सीची अट सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये अमान्य केली. करार चालू असतानाचं बंधन मात्र टिकतं. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधून मुदतीआधी बाहेर पडलेल्या निरंजन गोळीकरी यांना १९६७मध्ये त्याच न्यायालयाने दाद दिली नाही. म्हणून करारात कधीपर्यंत आणि कुठली बंधनं आहेत, ते शब्द तपासून घ्या.

सहीआधी निदान पाच गोष्टी लेखी मागून घ्या : टीडीएस कोणत्या कलमाखाली कापणार, पैसे किती दिवसांत देणार, दुसऱ्याचं काम घेता येईल का, नोटीस किती दिवसांची, आणि करार संपल्यावर कुठली बंधनं उरतात. मसुदा सीएला सहीनंतर नव्हे, सहीआधी दाखवा.