अडीच फुटांवरून चेंडू चुकतो कसा? गोल्फमधला सगळ्यात सोपा फटका सगळ्यात अवघड का होतो?

१६ जून २०२४. अमेरिकेतल्या पाइनहर्स्टमध्ये यूएस ओपन गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस. उत्तर आयर्लंडचा रोरी मॅकिलरॉय दोन फटक्यांनी पुढे होता आणि पाच होल बाकी होते. शेवटची मोठी स्पर्धा, म्हणजे 'मेजर', जिंकून त्याला दहा वर्षं होत आली होती.

१६व्या होलवर त्याचा चेंडू भोकापासून फक्त अडीच फुटांवर होता. त्याने मारला आणि चुकला. १८व्या होलवर अंतर होतं पावणेचार फूट. तोही चुकला. ब्रायसन डिशॅम्बो एका फटक्याने जिंकला आणि रोरी पत्रकारांशी न बोलताच मैदानाबाहेर पडला.

सोशल मीडियावर काय झालं असेल ते सांगायला नको. 'चोकर', 'भित्रा', 'आमच्या बाळ्यानेही टाकला असता', सगळं सुरू झालं. पण त्या मोसमात तोपर्यंत रोरीने तीन फुटांच्या आतून ४९६ वेळा चेंडू मारला होता आणि ४९६ वेळा तो भोकात गेला होता. म्हणजे त्याला जमत नव्हतं असं अजिबात नाही. मग त्या दिवशी झालं काय?

आधी पटिंग म्हणजे काय ते बघू

गोल्फमध्ये लांबून मारत मारत चेंडू बारीक कापलेल्या हिरवळीवर आणायचा. या हिरवळीला 'ग्रीन' म्हणतात. तिथून चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा, तो फटका म्हणजे 'पट' (बुद्धिबळाच्या पटाशी याचा संबंध नाही). भोक सव्वाचार इंचांचं असतं आणि चेंडू १.६८ इंचांचा. ताकद लागत नाही, धावायचं नसतं, समोर कुणी अडवायला नसतं.

आणि इथेच खरी गोची आहे. क्रिकेटमध्ये बॅट्समनकडे विचार करायला अर्धा सेकंदही नसतो. गोल्फरकडे मात्र भरपूर वेळ असतो. चेंडू हलत नाही, प्रेक्षक श्वास रोखून गप्प बसलेले असतात आणि डोकं मोकळं असतं. मोकळं डोकं काय करतं, हे परीक्षेच्या आदल्या रात्री जागलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

लक्ष दिलं की बिघडतं

एटीएमसमोर कधी असं झालंय का? रोज बोटं आपोआप पिन टाकतात. एक दिवस मागे रांग असते, तुम्ही 'नक्की आकडे कुठले?' असा विचार करता आणि पिन आठवतच नाही.

मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांनी हेच पटिंगमध्ये तपासलं. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात अनुभवी गोल्फरांना एकदा स्वतःच्या हालचालीवर लक्ष ठेवायला सांगितलं. फटका मारल्यानंतर पटर थांबला, की त्याच क्षणी 'स्टॉप' म्हणायचं. दुसऱ्या वेळी पटिंग करताना वेगवेगळे आवाज ऐकवले आणि ठरावीक आवाज आला की सांगायला लावलं. आपल्याला वाटेल की आवाजांमुळे लक्ष उडेल आणि खेळ बिघडेल. झालं उलटं. स्वतःच्या हालचालीवर नजर ठेवली तेव्हा ते जास्त चुकले.

आणखी एक गंमत. 'पटकन मारा' असं सांगितल्यावर अनुभवी खेळाडू सुधारले आणि नवशिके बिघडले. नवशिक्याला प्रत्येक पायरी मोजावीच लागते. मुरलेल्या खेळाडूची हालचाल मात्र आपोआप होत असते. दडपण आलं की तो काळजीपोटी तिच्यात हात घालतो, सलग हालचालीचे तुकडे पाडतो आणि ती अडखळते.

म्हणून 'अजून लक्ष देऊन खेळ' हा सल्ला अशा वेळी घातक ठरू शकतो. आपल्याकडे पालक आणि कोच नेमका हाच सल्ला सगळ्यात जास्त देतात, हे वेगळं सांगायला नको.

तेवढंच अंतर, तरी निकाल वेगळा

प्रत्येक होल किती फटक्यांत पूर्ण व्हावा याचा एक आकडा ठरलेला असतो, तो म्हणजे 'पार'. एक फटका कमी लागला तर 'बर्डी', एक जास्त लागला तर 'बोगी'. शेवटी बेरीज सगळ्या फटक्यांची होते, त्यामुळे कुठलाही पट चुकला तरी नुकसान एकाच फटक्याचं.

पण डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइट्झर या अभ्यासकांनी व्यावसायिक खेळाडूंचे २५ लाखांहून जास्त पट तपासले. २०११ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा: तेवढ्याच अंतरावरून बर्डीसाठी मारलेले पट, पारसाठी मारलेल्या पटांपेक्षा साधारण दोन टक्क्यांनी कमी वेळा आत जातात. बोगीची भीती बर्डीच्या आशेपेक्षा मोठी असते. शंभर रुपये सापडल्याचा आनंद दुपारपर्यंत टिकतो, हरवल्याची चुटपुट आठवडाभर. तसंच काहीसं.

यिप्स: इथे 'मन घट्ट कर' चालत नाही

काही खेळाडूंच्या मनगटाला ऐन फटक्याच्या वेळी झटका बसतो. याला 'यिप्स' म्हणतात. जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरला हा त्रास करिअरमध्ये अनेकदा झाला. त्याने पटर धरायच्या पद्धती बदलल्या, लांब पटर वापरला आणि तरीही १९८५ आणि १९९३ मध्ये मास्टर्स जिंकली.

यिप्सचं मूळ काहींच्या बाबतीत दडपणात असतं. पण काहींच्या बाबतीत तो मेंदू आणि स्नायूंमधला बिघाड असतो, फोकल डिस्टोनिया नावाचा. खूप लिहिणाऱ्यांचा हात पेन धरताच आखडतो, त्याच जातीचा. अशा माणसाला 'कच्च्या मनाचा' म्हणणं हे मोडलेल्या पायाला आळशी म्हणण्यासारखं आहे.

मग खेळाडू करतात काय?

डोकं रिकामं ठेवत नाहीत, त्याला साधं काम देतात. प्रत्येक पटआधी तोच क्रम: मागून रेघ बघायची, ठरलेले सराव-स्विंग घ्यायचे, मारायचं. कॅनडातल्या संशोधक जोन विकर्स यांना आढळलं की चांगले पटर मारण्याआधी नजर चेंडूवर दोन-तीन सेकंद शांत ठेवतात, तर कमी कुशल खेळाडूंची नजर इकडून तिकडे फिरत राहते. याला 'क्वाएट आय' म्हणतात आणि ते शिकवता येतं.

आपल्याकडच्या लोकांनी चांगलं पटिंग पाहिलं ते ७ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक लांब फटक्यांमध्ये मागे पडत होती आणि पटिंगच्या जोरावर पदकाच्या शर्यतीत टिकून होती. आई तिची कॅडी होती. ब्राँझ एका फटक्याने हुकलं. संध्याकाळी नीरज चोप्राने सोनं आणलं आणि साहजिकच सकाळची गोष्ट मागे पडली.

आणि रोरी? एप्रिल २०२५, ऑगस्टातली मास्टर्स. शेवटच्या होलवर साधारण पाच फुटांचा पट घातला की विजय. तो पुन्हा चुकला. मग जस्टिन रोझविरुद्ध प्लेऑफ, त्याच १८व्या होलवर. या वेळी अंतर होतं चार फुटांच्या आसपास. चेंडू आत गेला आणि रोरी तिथेच गुडघ्यांवर कोसळला.