लपवण्याचे ओझे

(बी. ए. द्वितीय वर्ष)

'संकटातही आनंदी राहा' हा उपदेश ऐकायला गोड आणि आचरायला कठीण आहे. पोटभर जेवलेल्या माणसाने तो उपाशी माणसाला केला, तर तो उपदेश राहत नाही, चेष्टा होते. कंधार तालुक्यातल्या ज्या वाड्या-तांड्यांवरून आपल्यापैकी पुष्कळजण या महाविद्यालयात येतात, तिथे पावसाने ओढ दिली आणि सोयाबीन करपले, की असा उपदेश करणाऱ्याला कोणी ओट्यावर बसूही देणार नाही. तरीही हाच उपदेश ख्रिस्ती धर्मात सुमारे दोन हजार वर्षे चालत आला आहे. आणि नवल असे, की तो करणाऱ्यांतली कितीतरी माणसे स्वतः हालअपेष्टांत होती. हे कसे, याचा उलगडा करण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी तुळशीची माळ आहे आणि एकादशीचा उपास आहे. परंतु मराठीचा विद्यार्थी म्हणून लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' हाती आले आणि एक प्रश्न मनात घर करून बसला. एवढे दारिद्र्य, एवढी ताटातूट, लोकांची एवढी बोलणी सोसलेली ही बाई पानोपानी हसते कशी? तेही ओढूनताणून नव्हे. त्या प्रश्नाचा माग काढताना जे समजले ते असे: ख्रिस्ती शिकवणीत 'खरेपणाने जगा' आणि 'दुःखातही आनंदी असा' या दोन वेगळ्या आज्ञा नाहीत. पहिलीचे फळ म्हणजे दुसरी.

मूळ शिकवण काय आहे?

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात 'डोंगरावरील प्रवचन' म्हणून प्रसिद्ध असलेला भाग आहे. त्याची सुरुवातच दीन, शोक करणारे आणि छळ सोसणारे यांना धन्य म्हणून होते. पुढे येशू ज्या गोष्टीवर वारंवार बोट ठेवतो ती म्हणजे देखावा. दान करताना गाजावाजा नको, प्रार्थना चव्हाट्यावर नको, उपास केला तर चेहरा सुकवून लोकांना दाखवू नका. बोलणे इतके सरळ असावे, की शपथ घेण्याची गरजच पडू नये. म्हणजे धन्यता आणि साधेपणा यांची शिकवण एकाच प्रवचनात शेजारी शेजारी आहे.

दुसरे उदाहरण संत पौलाचे. फिलिप्पै येथील मंडळीला त्याने लिहिलेले पत्र अवघ्या चार अध्यायांचे आहे. ते लिहिताना तो कैदेत होता आणि खटल्याचा निकाल मरणाचाही लागू शकत होता. असे असून त्या लहानशा पत्रात आनंदाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. तो कैद नाकारत नाही, साखळदंड फुलांचे आहेत असेही म्हणत नाही. भरल्या घरात कसे राहावे आणि रिकाम्या घरात कसे राहावे, हे दोन्ही आपण शिकलो आहोत, एवढेच तो सांगतो. हा आनंद परिस्थितीबद्दलचा नाही. परिस्थितीने आपल्याला खोटे व्हायला लावले नाही, याचे ते समाधान आहे.

मराठी मातीतली परंपरा

हा विचार मराठीला परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ साली छापले गेले, तेही आपल्या ओवीत. आपल्या मराठवाड्यातही ही परंपरा जुनी आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे १८४३ साली ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत वसवली. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी त्यासाठी जमीन दिली होती. गावकुसाबाहेर ठेवलेली माणसे तिथे स्वतःच्या घरात, ताठ मानेने राहू लागली.

परंतु या शिकवणीला मराठी घराचा चेहरा दिला तो टिळक पतिपत्नींनी. नारायण वामन टिळक (१८६१ ते १९१९) हे कोकणातल्या करजगावचे. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला. पुढची दोन वर्षे मन एकीकडे आणि जनरीत दुसरीकडे, अशी त्यांची ओढाताण चालली होती. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी याची किंमत काय होती, ते आज आपल्याला सहज कळणार नाही. आप्त दुरावले, घर मोडले. मनात ख्रिस्त आणि अंगावर जुनी रीत असे निभावून नेणे त्यांना अशक्य नव्हते. पुष्कळांनी तसे निभावून नेलेही असेल. टिळकांना ते जमले नाही. मात्र त्यांनी जुने सगळे टाकूनही दिले नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते उघड सांगत. ख्रिस्ती उपासनेत त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन आणले. १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा ठेवली. जे पटले ते बोलायचे आणि जे बोललो त्याप्रमाणे राहायचे, हा त्यांच्या आयुष्याचा नेम दिसतो.

लक्ष्मीबाईंचे हसू

टिळकांच्या खरेपणाची अर्धी किंमत मात्र लक्ष्मीबाईंनी (१८६८ ते १९३६) मोजली. नाशिकजवळच्या जलालपूरची ही मुलगी. माहेरी सोवळ्याचे एवढे वेड, की धान्यापासून मिठापर्यंत सगळे धुऊन घेतले जाई. अशा घरातली बाई आणि तिचा नवरा ख्रिस्ती झालेला! जवळजवळ पाच वर्षे दोघांच्या वाटा वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही नवऱ्याचे धर्मांतर झाले म्हणून बाईंनी आपला धर्म सोडला नाही. त्यांनी आपली चूल आणि आपले सोवळे वेगळे ठेवले.

इथे थांबून पाहिले पाहिजे. नवऱ्यामागे मुकाट्याने जाणे हा सोपा मार्ग होता. बाईंनी तो पत्करला नाही, कारण अजून मनाला पटले नव्हते. मग विचार करता करता जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केला आहे, हे जेव्हा त्यांना आतून पटले, तेव्हा त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. या बाईचे शिक्षण बेताचे होते, पण बुद्धी आणि सचोटी बेताची नव्हती.

'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. त्यात बाई आपले सोवळ्याचे वेड लपवत नाहीत, आपले अज्ञान लपवत नाहीत, घरातली चणचण लपवत नाहीत. टिळक मोठे कवी, 'ज्ञानोदय'चे संपादक, लोकांना वंदनीय; पण त्यांचा तापट स्वभाव आणि पैशाच्या बाबतीतला गलथानपणाही त्या लपवत नाहीत. तरी कुठे कडवटपणा नाही. मला वाटते, त्यांच्या हसण्याचे रहस्य यातच आहे. ज्याला काही झाकायचे असते तो माणूस मनमोकळा हसू शकत नाही. त्याचे अर्धे लक्ष झाकणाकडे असते. बाईंनी झाकणच काढून ठेवले होते. टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांनी अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हाती घेतले आणि ६४ अध्याय लिहिले. दुःखातला आनंद हा असा कामाला लागलेला असतो.

आनंद म्हणजे मुकाट सोसणे काय?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्यच आहे. दुःखात आनंद माना, असे सांगत राहिले तर गरीब गरीबच राहील आणि अन्याय करणारा निवांत झोपेल. आमच्यासारख्यांच्या आजोबा-पणजोबांना 'नशिबात आहे' म्हणून पुष्कळ सोसायला लावले गेले आहे. तेव्हा हा आनंद त्याच जातीचा आहे काय?

याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या (१८५८ ते १९२२) जीवनात मिळते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. घराणे विद्वान, पण मजुरी करता येत नव्हती आणि मागायची लाज वाटत होती, हे रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. नंतर भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेला. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतरही तिथल्या धर्मभगिनींनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी मान डोलावून मान्य केली नाही. जे पटत नव्हते त्यावर पत्रांतून रोखठोक वाद घातला.

मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी 'शारदा सदन' काढले, ते पुढे पुण्याला नेले. तिथे त्या स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, पण दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या आणि गहजब झाला. १८९३ साली रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. दार लावले असते तर संस्था वाचली असती, असे आपण म्हणू. रमाबाईंनी दार लावले नाही. या वादात विरोधकांचे म्हणणेही समजण्यासारखे आहे. त्यांना विश्वास मोडल्यासारखे वाटले. पण रमाबाईंनी दोन चेहरे ठेवले, असे मात्र म्हणता येणार नाही.

आणि आनंदाचे म्हणाल, तर १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणताना रमाबाईंनी त्यांना 'आनंद माना' असे सांगितले नाही. आधी जेवू घातले. केडगावला विहिरी खोदल्या, शेती केली, माग घातले, छापखाना काढला. १९०० च्या सुमारास 'मुक्ती'त सुमारे दोन हजार माणसे होती. ज्या घरात काम येत नव्हते म्हणून माणसे मेली, त्या घरातल्या मुलीने प्रत्येक मुलीच्या हाताला काम शिकवले. हा आनंद मुकाट सोसण्याचा नव्हे. दुःखाला दुःख म्हणायचे, त्याचे कारण शोधायचे, ते दूर करायला कंबर कसायची आणि हे सारे करताना मन कडू होऊ द्यायचे नाही, असा तो आहे.

आपल्यापुरते

आता हे सारे आपल्या उपयोगाचे काय? आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेले हे पहिलेच माणूस. अशा विद्यार्थ्यावर सर्वांत मोठे ओझे फीचे किंवा अभ्यासाचे नसते, लपवण्याचे असते. आईवडील दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले आहेत हे लपवायचे. डब्यात नुसती भाकरी आणि ठेचा आहे हे लपवायचे. प्रवेशअर्जातल्या 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात, गुंठाभर जमीन नसली तरी, 'शेती' लिहायचे. इंग्रजीचा पाठ कळला नाही तरी मान हलवायची. मग परीक्षेत कळले नसल्याचे लपवायला कॉपी करायची. एक लपवले की ते झाकायला दुसरे, आणि दुसरे झाकायला तिसरे. कॉपीच्या चिठ्ठीची सुरुवात परीक्षेच्या खोलीत होत नाही. 'सर, मला समजले नाही' हे वाक्य ज्या दिवशी घशात अडकले, त्या दिवशी होते.

खरे बोलल्याने दारिद्र्य जाणार नाही, हे मला मान्य आहे. रकान्यात 'मजुरी' लिहिल्याने वडिलांची मजुरी वाढत नाही. पण ओझी दोन असतात. एक गरिबीचे, दुसरे ती लपवण्याचे. पहिले उतरायला वर्षे लागतील; त्यासाठी शिक्षण हवे, नोकरी हवी, पाणी हवे, न्याय हवा. दुसरे मात्र आज, आत्ता उतरवून ठेवता येते आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. ते उतरल्यावर जो हलकेपणा वाटतो, त्यालाच ख्रिस्ती संत आनंद म्हणत असावेत. आपले वारकरी संतही याहून फार वेगळे सांगत नाहीत. मन निर्मळ ठेवा हाच त्यांचाही आग्रह आहे.

प्राध्यापकवर्गास एकच नम्र विनंती करावीशी वाटते. वर्गात एखाद्याने 'समजले नाही' म्हटले आणि बाकीचे हसले, तर आपण हसू नये. त्या वाक्याला लागणारे धैर्य लहान नसते. आणि मित्रहो, शेजारच्या बाकावरच्याने आपला डबा उघडून पुढे केला, तर त्यातली भाकरी मागून घ्या आणि आपलीही त्याला द्या.