दान, ख्रिस्ती
दान, ख्रिस्ती : उपासना, धर्मसेवकांचा निर्वाह आणि गरजूंचे साहाय्य यांसाठी ख्रिस्ती व्यक्तीने आपल्या उत्पन्नाचा वा मालमत्तेचा काही भाग ईश्वरार्पणबुद्धीने देणे, यास ख्रिस्ती दान म्हणतात. ‘दशमांश’ हा त्याचा सर्वांत परिचित प्रकार असल्यामुळे किती द्यावे, याचीच चर्चा सामान्यतः अधिक होते. बायबलमध्ये मात्र दानावर कोणाचा हक्क आहे आणि तो कोणत्या क्रमाने, या प्रश्नाला अधिक महत्त्व दिलेले दिसते.

दशमांशाचे मूळ जुन्या करारात आहे. इस्राएलच्या बारा वंशांपैकी लेवी वंशाकडे पवित्रस्थानाची सेवा होती आणि त्याला जमिनीचा वाटा मिळालेला नव्हता. म्हणून इतर वंशांनी आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा लेवींना द्यावा आणि लेवींनी त्यातील दहावा हिस्सा याजकांना द्यावा, असा ‘गणना’ या ग्रंथातील नियम आहे (अध्याय १८). ‘अनुवाद’ या ग्रंथातील व्यवस्था निराळी आहे. तीनुसार दशमांश पवित्रस्थानी नेऊन कुटुंबासह भक्षण करावयाचा असे. मात्र दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवून लेवी, परका, अनाथ व विधवा यांना द्यावयाचा असे (१४·२२–२९). या दोन व्यवस्थांचा मेळ घालताना नंतरच्या यहुदी धर्मशास्त्रज्ञांनी पहिला, दुसरा व गरिबांचा असे दशमांशाचे तीन प्रकार मानले. भूमिहीन धर्मसेवक आणि भूमिहीन दरिद्री यांना ‘अनुवाद’ ग्रंथात एकाच पंक्तीला बसविले आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. वाटा न मिळाल्यास काय होते, हे नहेम्याच्या वृत्तांतावरून कळते : इ. स. पू. पाचव्या शतकात यरुशलेममधील लेवी उपासना सोडून आपापल्या शेतांकडे परतले होते (१३·१०). मलाखी संदेष्ट्याने भांडारात दशमांश आणण्याविषयी दिलेली ताकीद साधारणतः त्याच शतकातील आहे. आज ती व्यक्तिगत भरभराटीचे आश्वासन म्हणून अनेकदा सांगितली जाते. परंतु रिकाम्या भांडाराचा हा संदर्भ सोडून तिचा अर्थ लावणे योग्य नव्हे.

येशूने दशमांशाचा निषेध केला नाही. तथापि पुदिना, शेप व जिरे यांचाही दहावा भाग काटेकोरपणे मोजणारे लोक न्याय व दया विसरतात, असा ठपका त्याने ठेवला. आईबापांच्या निर्वाहाचे धन ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेले ठरवून जबाबदारी टाळण्याच्या प्रथेवरील त्याची टीका याहून तीव्र आहे (मार्क ७). तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात हेच सूत्र नियमाच्या रूपाने येते. विधवांचा सांभाळ प्रथम त्यांच्या मुलानातवंडांनी करावा, म्हणजे मंडळीवर भार न पडता निराधार विधवांना साहाय्य करणे तिला शक्य होईल, असे तेथे सांगितले आहे. मंडळीच्या यादीत घ्यावयाच्या विधवेचे वय किमान ६० असावे, अशी अटही घातली आहे.

धर्मसेवकाच्या निर्वाहाविषयी पौलाची भूमिका दुहेरी आहे. सैनिक, द्राक्षमळा लावणारा, मेंढपाळ आणि मळणीचा बैल यांचे दाखले देऊन सुवार्तिकाचा उपजीविकेचा हक्क तो ठामपणे सिद्ध करतो आणि लगेच तो हक्क आपण स्वतः वापरला नाही, असे सांगतो (१ करिंथ ९). करिंथ येथे तो तंबू करण्याचा व्यवसाय करीत असे; फिलिप्पै येथील मंडळीने पाठविलेले साहाय्य मात्र त्याने कृतज्ञतेने स्वीकारले. त्याने मोठी वर्गणी उभारली ती यरुशलेममधील गरिबांसाठी. तीत दर ठरविलेला नव्हता. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढावे आणि ते सक्तीने नव्हे, तर संतोषाने द्यावे, एवढेच त्याने सुचविले. रकमेबाबत कोणी दोष देऊ नये म्हणून ती पोहोचविण्यासाठी मंडळ्यांनी निवडलेले प्रतिनिधी त्याने बरोबर घेतले. सार्वजनिक निधीच्या पारदर्शकतेचा हा एक जुना दाखला होय.

‘दिदाखे’ या आद्य ख्रिस्ती नियमग्रंथात तीन दिवस मुक्काम करणारा किंवा पैसे मागणारा प्रवासी प्रचारक खोटा समजावा, असे म्हटले आहे. स्थायिक झालेल्या खऱ्या संदेष्ट्याला प्रथमफळे द्यावीत आणि संदेष्टा नसेल, तर ती गरिबांना द्यावीत, असाही नियम त्यात आहे. दुसऱ्या शतकात जस्टिनने वर्णन केलेला उपासनेतील निधी अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांच्यासाठी खर्च होत असे. पुढे चर्चची मालमत्ता वाढली, तसा वाटणीचा प्रश्न कठीण झाला. पोप पहिला गेलेशियस (कार. ४९२–४९६) याने उत्पन्नाचे बिशप, इतर धर्मसेवक, गरीब आणि वास्तूंची देखभाल असे चार भाग सांगितले. ५८५ मध्ये माकाँ येथील धर्मपरिषदेने दशमांश न देणाऱ्यास बहिष्काराची शिक्षा ठरविली आणि शार्लमेनच्या ७७९ च्या आदेशाने त्यास राजसत्तेचे पाठबळ मिळाले. अशा रीतीने दानाचा कर झाला. पुष्कळ ठिकाणी दशमांशाचे हक्क सरदारांच्या वा मठांच्या हाती गेले. त्यामुळे गावच्या धर्मगुरूला तुटपुंजे वेतन आणि गरिबांना नाममात्र वाटा उरला. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीने १७८९ मध्ये दशमांश रद्द केला. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने धान्यरूप दशमांशाऐवजी रोख आकारणी आली आणि १९३६ च्या कायद्याने तीही संपुष्टात आणली गेली. जर्मनीत आजही नोंदणीकृत सभासदांकडून आयकराच्या ८ वा ९ टक्के इतका चर्च-कर घेतला जातो. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधीसंहितेत ठरावीक दशमांश नाही. उपासना, सेवाकार्य व धर्मसेवकांचा निर्वाह यांस हातभार लावणे आणि स्वतःच्या मिळकतीतून गरिबांना साहाय्य करणे, ही कर्तव्ये मात्र तीत नमूद आहेत.

भारतात प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या बाबतीत हा प्रश्न परदेशी पैशाशी निगडित झाला. मंडळ्या स्वावलंबी असाव्यात, हे धोरण इंग्लंडमध्ये हेन्री व्हेन आणि अमेरिकेत रूफस अँडरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मांडले. अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते. अमेरिकन मराठी मिशनच्या क्षेत्रातील बहुसंख्य ख्रिस्ती लोक गरीब व भूमिहीन असल्याने तेथे स्वावलंबनाची गती मंद राहिली. पगारी धर्मसेवक परकीय मिशनचा नोकर समजला जाई, ही त्यातील मोठी अडचण होती. कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ ही चळवळ सुरू केली, तिच्यामागे ही जाणीव होती. दारिद्र्य हे स्वावलंबनाला अटळ अडसर ठरते, असे मात्र नाही. मिझोराममधील स्त्रिया विसाव्या शतकाच्या आरंभापासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढीत आल्या आहेत. ते तांदूळ गोळा करून विकले जातात आणि तेथील मंडळ्यांच्या सेवाकार्याचा बराच भाग त्या पैशांवर चालतो.