फर्मेंटरमधल्या टक्क्यांचा हिशेब

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीपासून एक लिटर अल्कोहोल निघतं, तेव्हा मागे साधारण ८ ते १५ लिटर गडद तपकिरी, गरम आणि आम्लधर्मी पाणी उरतं. हा ‘स्पेंट वॉश’. तो ओढ्यात सुटला, की त्यातले सेंद्रिय पदार्थ कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे मरतात.

एवढं पाणी येतं कुठून? मळी घट्ट असते. यीस्टला काम करता यावं म्हणून ती पातळ करावी लागते. फर्मेंटरमधल्या, म्हणजे आंबवण्याच्या टाकीतल्या, द्रवात ८ टक्के अल्कोहोल तयार झालं, तर एक लिटर अल्कोहोलसाठी साडेबारा लिटर द्रव तापवावा लागतो आणि साडेअकरा लिटर मागे राहतो. हेच प्रमाण १२ टक्क्यांवर गेलं, तर मागे राहतो सुमारे सव्वासात लिटर. पाणी वाचतं, वाफ वाचते, सांडपाणीही घटतं.

अडचण यीस्टची आहे. घट्ट द्रावणातली साखर आणि क्षार पेशीतलं पाणी ओढून घेतात, आणि वाढत जाणारं अल्कोहोल यीस्टलाच मारक ठरतं. म्हणून सगळी मळी एकदम न ओतता थोडीथोडी सोडतात, टाकी सतत थंड ठेवतात आणि जास्त अल्कोहोल सोसणारं यीस्ट निवडतात. बी-हेवी मळीत, म्हणजे सगळी साखर काढून घेण्याआधीच वेगळ्या केलेल्या मळीत, साखर जास्त आणि क्षार कमी, त्यामुळे तिथे हे तुलनेनं सोपं जातं. पुढे ऊर्ध्वपातनात वाफ थेट द्रवात न सोडता रिबॉयलरमधून फक्त तिची उष्णता दिली, तर वाफेचं पाणीही स्पेंट वॉशमध्ये मिसळत नाही.

तरीही जो उरतो, त्यातून पुष्कळ मिळवता येतं. हवाबंद टाकीत जिवाणू त्यापासून मिथेनयुक्त बायोगॅस करतात. आटवून घट्ट केलेला स्पेंट वॉश खास बॉयलरमध्ये जाळला, की राखेत पोटॅश मिळतं. उसानं जमिनीतून उचललेलं हे पोटॅश खत म्हणून शेतात परत जाऊ शकतं. एरवी आपण ते बहुतांशी आयात करतो. आटवताना सुटलेली वाफ थंड करून मिळणारं पाणी शुद्ध केल्यावर पुन्हा मळी पातळ करायला चालतं.

पण आटवायलाही वाफ लागते, आणि वाफेला इंधन. म्हणून एखाद्या डिस्टिलरीची पारख करताना शुद्धीकरण प्रकल्प केवढा आहे, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, फर्मेंटरमध्ये अल्कोहोल किती टक्क्यांपर्यंत नेता?