नावांची गोधडी : मांडणशिल्प आणि उपेक्षितांचा समाज

'मांडणशिल्प' हा शब्द वाचकांपैकी काहींस नवा वाटेल. त्यामागील कल्पना मात्र जुनी आहे. सार्वजनिक ठिकाणी अशी वस्तू मांडावयाची, की जी पाहणाऱ्याच्या सहभागावाचून पुरी होत नाही. गिलगाल येथील बारा धोंड्यांचा हेतू असाच होता (यहोशवा 4). प्रत्येक वंशातील एकाने एक धोंडा वाहिला. पुढे मुलांनी त्यांचा अर्थ विचारावा व वडिलांनी तो सांगावा, अशी ती योजना होती.

1868 मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला. हौद ही कलाकृती नव्हे. तथापि तेथे पाणी भरणे हीच समतेची उघड कृती ठरली. 11 ऑक्टोबर 1987 रोजी वॉशिंग्टन येथे एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ 1,920 कापडी पट्ट अंथरण्यात आले. प्रत्येक पट्ट तीन फूट रुंद व सहा फूट लांब, म्हणजे सुमारे एका कबरेएवढा होता. ज्या रोगाच्या बळींना अनेकदा अंत्यसंस्कारही नाकारले गेले, त्यांची नावे आप्तमित्रांनी शिवली आणि ती तेथे मोठ्याने वाचली गेली. 2016 मध्ये धारावीच्या गल्ल्यांतून चाकांवरचे एक लहानसे संग्रहालय फिरले. त्यात तेथील कारागिरांच्याच वस्तू होत्या.

या तिन्ही उदाहरणांत कृती उघड्यावर होते व ज्यांना कोणी मोजत नाही त्यांस मोजले जाते. परंतु उपेक्षितांचे हात तीत नसतील, तर ती केवळ आपल्या दयेचे प्रदर्शन होईल.

हा विचार कामरेजच्या परिसरास लागू करून पाहू. खानदेशातून येणारी तापी येथून सुरतेकडे जाते. तिच्याप्रमाणेच खानदेशातील व डांगमधील आदिवासी ऊसतोड मजूर दर हंगामात या जिल्ह्यात येतात. मुकादमाच्या हिशेबी दोघांची जोडी म्हणजे एक 'कोयता'. माणसाचे नाव हत्याराच्या नावात बुडते. हंगाम सरला, की पाले उठतात आणि मागे काहीच खूण उरत नाही.

अशा वस्तीवर एक गोधडी शिवली जावी. प्रत्येक जोडीने आपले जुनेर व आपले नाव तीत घालावे. आणि हंगामाअखेर ती नावे गावासमक्ष वाचली जावीत. हे सुचविणे सोपे आहे. पण त्यांना ती हवी आहे काय, कोठे मांडावी व पुढे कोणापाशी राहावी, हे त्यांनीच ठरवावयाचे. धर्मसेवकाने व उपदेशकाने प्रथम पालापाशी बसून ऐकावे. मजुरी व उचल यांचा प्रश्न गोधडीने सुटणार नाही. परंतु ज्याचे नाव आपण एकदा उच्चारले, त्याच्या मजुरीविषयी मौन धरणे आपणांस पूर्वीइतके सोपे राहणार नाही.